नाताळ दसऱ्याला धरायचा

सूनबाई, यंदापासून नाताळचं सगळं तू बघणार असं फादर म्हणाले. बरं झालं. माझे गुडघे आता वेदीच्या पायऱ्यांना दाद देत नाहीत, आणि हिशेबात तू माझ्यापेक्षा पक्की आहेस. पण कमिटीच्या बैठकीला बसण्याआधी माझं ऐकून घे, कारण बैठकीत गाणी, मांडव आणि केक यांच्यापुढं गाडी जात नाही.

आपल्याकडं नाताळ दसऱ्याला धरायचा असतो. शहरातल्या चर्चला डिसेंबरात जाग आली तरी चालतं, बीड जिल्ह्यात चालत नाही. दसरा-दिवाळी झाली की इथली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक नाहीतर ट्रॅक्टर दाराशी लागतो, आणि नवराबायको मिळून एक कोयता, असे कोयतेच्या कोयते सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, थेट बेळगावपर्यंत जातात. कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली की परत येणं पट्टा पडल्यावरच, मार्च-एप्रिलात. मधे सणाला सुट्टी नाही. एक दिवस बसलं तर खाडा, आणि खाडा हिशेबातून कापला जातो. पंचवीस डिसेंबरला तू वेदीवर फुलं लावत असशील तेव्हा आपल्या धर्मग्रामातली हातीपायी धड माणसं कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असतील. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बैठक घेऊन ‘यंदा गरिबांना काय वाटायचं’ असा विषय काढलास, तर ज्यांना वाटायचं ते कधीच गेलेले असतात आणि ब्लँकेटं मागं राहिलेल्यांत दुबार वाटली जातात.

म्हणून दसऱ्याच्या आठवड्यात घरोघरी फिर. कोण जाणार, कोण राहणार, म्हातारीचं दळण कोण आणून देणार, लेकरू सोबत नेणार, आजीजवळ ठेवणार की शाळेच्या हंगामी वसतिगृहात, हे सगळं विचार. रेशनकार्ड कुठं ठेवलंय ते विचार. आणि कारखान्याचं नाव न विसरता लिहून घे. तिकडंही चर्च आहेत, फादर आहेत. आपल्या फादरांनी एक फोन केला तर नाताळच्या दिवशी तिकडचं कोणीतरी कोपीवर जाऊन येतं. नाहीतर दोन कोसांवर मिस्सा चाललेली असते आणि आपल्या टोळीला पत्ताच नसतो.

जायच्या आधीच्या रविवारी जाणाऱ्यांसाठी मिस्सा ठेवायची. ही रीत तुझ्या मामंजींनी, म्हणजे आमच्या मास्तरांनी लावली, ती मोडू नको. त्या दिवशीचं देणं हेच आपलं नाताळचं खरं देणं आहे, असं मी समजते. काय द्यायचं? ताडपत्री. कोपी म्हणजे बांबू आणि पाचट. अवकाळी पाऊस आला की पाणी थेट अंथरुणात. बाजारातली पातळ निळी घेऊ नको, ती संक्रांतीच्या आत फाटते. दुकानदाराला जीएसएम विचार, दोनशे-अडीचशेच्या खालची नको, आणि चारी कडांना दोरी ओवायच्या कड्या घट्ट बसवल्यात का ते ओढून बघ. एका कोयत्याला एक. तेवढे पैसे जमले नाहीत तर दोन कोयत्यांना मिळून एक दे. शेजारी कोप्या टाकणारे असतील तर भागतं. ताडपत्रीच्या जोडीला डोक्याला बांधायची बॅटरी. तोड पहाटे अंधारात सुरू होते आणि गाडी भरायला ट्रक रात्री कधीही येतो. हातात बॅटरी धरून मोळी उचलता येत नाही.

पुण्या-मुंबईहून आपली माणसं जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवतात. त्यातल्या साड्यांवर सगळ्यांचा डोळा असतो. तू आधी शर्ट वेगळे काढ. पुरुषी, पूर्ण बाह्यांचे, सुती, गुंड्या शाबूत असलेले. उसाचं पान पात्यासारखं कापतं, म्हणून बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून फडात उतरतात. शहरात कॉलर विटली म्हणून टाकून दिलेला शर्ट इथं सहा महिने अंगावर राहतो. पण पाठवणाऱ्यांना सांग, कपडे दसऱ्याआधी पोचले पाहिजेत. डिसेंबरात आलेलं गाठोडं सरळ पुढच्या वर्षासाठी बांधून ठेव, त्यात कडुनिंबाचा पाला घाल, आणि ‘आले आहेत तर वाटून टाकू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नको.

आणखी एक. जाणाऱ्या बायांची तपासणी आधी करून घ्यायची. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची गोष्ट देशभर गाजली, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खाडा पडू नये म्हणून दुखणं अंगावर काढायचं आणि मग एकदाच काय तो निकाल लावायचा, असं त्याचं मूळ. सिस्टरांपैकी कोणी नर्स असतील तर त्यांना बोलाव, नाहीतर आशाताईला. दिवस गेलेली असेल तिचं कार्ड तिच्या पिशवीत आहे का तेवढं तरी बघ.

आता मागं राहिलेली म्हातारी माणसं. यांना लोक पाच-पाच किलो ज्वारी नेऊन देतात आणि समाधानानं घरी जातात. अगं, पण ती दळायची कोणी? गिरणीपर्यंत डोक्यावर न्यायची कोणी? आणि सत्तरीच्या म्हातारीच्या हातून भाकरी थापली जाते का? धान्य देऊ नको, पीठ दे. तेही आठ-दहा दिवसांपुरतं, कारण ज्वारीचं पीठ पडून राहिलं की कडू होतं. दळणाचे पैसे गिरणीवाल्याला महिन्याचे एकदम देऊन ठेव. आणि ज्याच्या हातून भाकरी होतच नाही त्याच्यासाठी एक राहतं घर ठरवून दे, जिथून रोज दोन भाकरी आणि कालवण जाईल. त्या घराला तेल आणि डाळ आपल्या पैशातून. पंचवीस तारखेचं मटण म्हाताऱ्याला एक दिवस पुरतं, ही भाकरी मार्चपर्यंत जाते.

रेशनचंही तसंच. दुकानात मशीनवर अंगठा लावावा लागतो, आणि उभ्या जन्मात खुरपं धरलेल्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही. म्हातारं दोनदा जातं, तिसऱ्यांदा जात नाही. गायनमंडळातल्या पोरांना कामाला लाव: एकानं एकाला गाडीवर बसवून दुकानात न्यायचं, ई-केवायसी राहिली असेल ती करून द्यायची. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधारचे महिन्याला दीड हजार येतात. हयातीचा दाखला दिला नाही की ते बंद पडतात आणि का बंद पडले ते कळायला तहसीलला चकरा. नाताळात गरिबासाठी काय करू, असं एखाद्या पोरानं विचारलं तर त्याला हे सांग. पैसा लागत नाही, पण त्याचा अख्खा दिवस जातो, म्हणून पोरं टाळतात. तू मागं लाग.

लेकरांचं नाटक असतं. मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे. मोठ्या भूमिका कमिटीवाल्यांच्या लेकरांना जातात, हे सगळ्या जगात चालतं. आपल्याकडं चालू देऊ नको. ज्यांचे आईबाप कारखान्याला गेलेत त्या लेकरांना आधी निवडायचं. आणि आदल्या दिवशीच टोळीत निरोप दे, की अमुक वाजता व्हिडिओ कॉल येईल. दुपारी लावू नको, तोड चालू असते. रात्री गाडी घेऊन कारखान्याच्या आवारात नंबर लागायची वाट बघत थांबतात, तेव्हा बापाला वेळ असतो आणि वजनकाट्याजवळ रेंजही असते. तो फोन धरायला एक समंजस पोरगी नेम, जी स्वतः नाटकात नाही. मागं एका पोरीनं तीन राजांतला सोनं आणणारा राजा केला होता, डोक्यावर आजीचं जरीचं पातळ गुंडाळून. तिचा बाप फोनवर एवढंच म्हणाला, ‘राजा, जेवलास का?’ सगळं चर्च हसलं.

पैशाकडं येते. आपला लिलाव आपल्याला पुरतो, जर नीट केला तर. पहिल्या पिकाचं अर्पण आणतात लोक: बाजरी, मूग, उडीद, भोपळे, कोंबडी, अंडी. मिस्सा झाल्यावर बाहेर लिंबाखाली बोली लागते. एक अंडं दहा रुपयांना जातं, घेणारा ते परत वेदीला देतो, मग ते वीसला जातं, मग पन्नासला. मजा येते, पैसाही जमतो. पण बोली लावणारा माणूस नीट निवड. गरिबाकडं बघून ‘काय पाटील, गप्प का?’ असं चेष्टेनंही म्हणणारा नको. पहिली बोली लेकरांची, पाच रुपयांची. कोणी उधार बोलला तर वहीत लिही आणि वेदीवरून नाव वाचू देऊ नको. फादर नवीन असतील तर त्यांनाही हे आधीच सांगून ठेव.

आणि उचलीच्या पैशातलं अर्पण घ्यायचं नाही. दसऱ्याच्या सुमाराला माणसाच्या खिशात एकदम पन्नास हजार-लाख दिसतात, मन मोठं होतं, तो पाचशेची नोट काय, पाच हजारही देवापुढं ठेवायला निघतो. तो पैसा त्याचा नाही, मुकादमाचा आहे. पट्टा पडेपर्यंत तो दोघांनी पाठ मोडून फेडायचा आहे, आणि नाही फिटला तर पुढच्या हंगामावर चढतो. त्याला सांग, एप्रिलात आल्यावर दे. रागावला तर रागावू दे. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मला तोंडपाठ आहे, पण तिच्या त्या दमड्या कर्जाच्या नव्हत्या.

रोजचं काही जमवायचं असेल तर मूठ ठेवायला सांग. मिझोरामच्या बायका १९१० पासून हे करतात; स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ बाजूला, आठवड्यानं ते चर्चला. त्याला त्या बुहफाई थाम म्हणतात, आणि त्या मुठींवर त्यांची केवढी मोठी कामं उभी आहेत. आपल्याकडं तांदूळ नाही तर ज्वारीची मूठ. मात्र गोळा करायला एकच बाई ठरावीक वारी गेली पाहिजे. दोन आठवडे कोणी आलं नाही की तिसऱ्या आठवड्यात ते डबे घरच्याच पिठात रिकामे होतात.

हिशेबाचं तुला काय सांगायचं, तरी सांगते. पेटी दोघांनी उघडायची, ते दोघं एका घरातले नकोत, आणि आकडा त्याच रात्री लिहायचा. स्वतःच्या फोनपेवर एक रुपया घ्यायचा नाही, मग देणारा सख्खा भाऊ का असेना. पुण्याच्या माणसाला आयकराची पावती हवी असते. ती आपण गावात फाडू शकत नाही, ज्या ट्रस्टला ८०जी आहे त्याच्याच खात्यावर पैसे जायला हवेत, आणि दोन हजारांच्या वर रोख दिली तर ती सवलतही मिळत नाही. परदेशी पाहुणे कधी चर्च बघायला येतात, डोळ्यांत पाणी आणून खिशात हात घालतात. त्यांना चहा पाज, पैसे घेऊ नको. २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही, आणि २०२० पासून तर ती दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. शंभर डॉलरपायी सगळ्या धर्मप्रांताच्या मागं लचांड लागेल.

द्यायचं कसं, यावर मी जास्त बोलते असं घरात म्हणतात. बोलणार. संत निकोलसाची गोष्ट तू लेकरांना सांगतेस ना? चौथ्या शतकातला मायराचा बिशप. तीन मुलींच्या लग्नासाठी त्यानं रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी दंतकथा आहे. त्याचाच पुढं सांताक्लॉज झाला आणि कापसाची दाढी लावून स्टेजवर माईक घेऊन वाटायला लागला. लेकरांना गोळ्या वाटायला सांता असू दे, माझं काही म्हणणं नाही. मोठ्या माणसाला स्टेजवर बोलावू नको. पीठ, औषध, साडी जे काय असेल ते दिवेलागणीनंतर घरी पोचव, आणि नेणारी व्यक्ती त्या घराच्या ओळखीची असू दे. फोटो नाही. देणगीदार फोटो मागतो. त्याला रिकाम्या गोठ्याचा, लेकरांच्या नाटकाचा, पिठाच्या पोत्यांचा फोटो पाठव. कोणाला काय मिळालं याची यादी चर्चच्या फळ्यावर लावायची नाही, ती तुझ्या आणि फादरांच्या वहीत राहील.

गावातली बाकीची गरीब घरंही आपल्या यादीत असतात, ती असूच देत. पण त्यांच्या पिशवीत प्रार्थनेचं पत्रक, क्रूस, कॅलेंडर यांतलं काहीही घालायचं नाही. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, रेशनला तांबडी मिलो, आणि मिशनकडून दुधाची पावडर यायची. ती पावडर सगळ्या गावानं प्यायली, टोमणे मात्र आपल्याला मिळाले, पावडरीसाठी बाटले म्हणून. आपले बापजादे त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झालेले, पण सांगणार कोणाला? कोणी विचारलंच की तुम्ही हे का देता, तर सण आहे म्हणून, एवढं सांग. दिवाळीला त्यांच्याकडून आपल्याला फराळ येतोच की.

शिकणाऱ्या पोरांसाठी वेगळे पैसे काढून ठेव, आणि ते नाताळात वाटू नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. महाराष्ट्रात त्याला ओबीसीत धरतात. म्हणजे त्याच वस्तीतल्या, त्याच दारिद्र्यातल्या दोन पोरांपैकी आपल्या पोराच्या हाती कमी येतं, आणि जे येतं त्यालाही जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला अशी रांग. बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाची मुदत पाच दिवसांची असते, आईबाप नुकते फडावरून परतलेले असतात आणि त्यांच्या हातात काही नसतं. तेव्हा पाच हजार रुपये तासाभरात देता आले पाहिजेत. नाताळात त्याच पोराला भेट म्हणून पेनाचा सेट देऊन काय करायचं?

गोठ्याचं काम मला फार आवडायचं. अलीकडं पोरं थर्माकोल आणतात, कापसाचा बर्फ पसरतात. बर्फ बेथलेहेमलाही क्वचित पडतो, आपल्याकडं कुठला! असिसीच्या फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेच्चोला पहिला गोठा मांडला तो खऱ्या गवताचा, खऱ्या बैलागाढवासह. आपल्याकडं कडब्याच्या पेंढ्या आहेत, काळी माती आहे, घोंगडी आहे. तीन आठवडे आधी लेकरांना परळात माती घालून गहू पेरायला सांग, घटाला पेरतात तसे. पंचवीसपर्यंत वीतभर हिरवं होतं, ते गोठ्यापुढं मांडायचं. पाणी घालायची पाळी लावून दे, नाहीतर दोघं मिळून कुजवतात. गव्हाणीत बाळाची मूर्ती रात्रीच्या मिस्सेलाच ठेवायची, तोपर्यंत ती तुझ्या कपाटात कुलपात. लेकरं आधीच ठेवून मोकळी होतात.

‘रात्रीची मिस्सा’ म्हणजे आपल्याकडं कधी सात वाजता, कधी अकराला. फादर एक आणि गावं चार-पाच, त्यांना कुठंतरी आधी उरकावंच लागतं. लोक कुरकुरतात, की मध्यरात्र आपल्याच वाट्याला का नाही. पाळी लावा, यंदा त्या गावाला, पुढच्या वर्षी आपल्याला. सात वाजताच्या मिस्सेला म्हातारी माणसं आणि लेकरं जास्त येतात, थंडीही कमी, त्यामुळं मला तीच बरी वाटते. लाऊडस्पीकर दहाला बंद. जिल्हाधिकारी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देतात, त्या यादीत नाताळ आहे का ते पोलीस ठाण्यात आधी विचार आणि परवानगीचा कागद पेटीवाल्याच्या खिशात ठेव.

गीतफेरीला टाळ, पेटी, ढोलकी पुरे. कीबोर्डवाला नगरहून आणायचा, त्याला पाच हजार द्यायचे, आणि त्यानं इंग्रजी चालीच वाजवायच्या, हे मला पटत नाही. नारायण वामन टिळकांनी आपल्या हाती केवढा ठेवा दिलाय, आणि त्यांच्याही आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टाळ वाजला की शेजारचे माळकरीही ओट्यावर येऊन बसतात. फेरी सगळ्यात आधी एकट्या म्हाताऱ्यांच्या दारी न्यायची, कारण ती आठला झोपतात. सरपंच आणि दुकानदार शेवटी. ते जागे असतात आणि दानपेटीत नोटही तेच टाकतात. दानपेटी धरणाऱ्यानं गायचं नाही.

जेवणाचं लवकर सांगते. शंभर माणसांना दहा-बारा किलो तांदूळ, साडेचार-पाच किलो तूरडाळ, मटण करायचं तर माणशी दीडशे ग्रॅम. वरणभाताची चूल वेगळी, डाव वेगळे, आणि तिथं वाढणारी बाई मटणाकडं जाणार नाही. नुसतं सांगून भागत नाही, येणाऱ्या माळकऱ्याला ते दिसलं पाहिजे. करंज्या आणि शंकरपाळी घरोघरी वाटून दे, केक विकत आणू नको. लेकरांना काही वेगळं द्यायचं असेल तर अठ्ठावीस तारखेला, पवित्र बालकांच्या दिवशी, कोणाच्या तरी शेतात हुरड्याला ने. पाऊस वेळेवर झाला असेल तर तोवर ज्वारी हुरड्याला येते. गूळ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जा.

जमलेल्या पैशातला मोठा वाटा नाताळात खर्च करू नको, कोणी काही म्हणो. एक वाटा ताडपत्र्यांत गेलेला असतो, थोडा सणात जातो, बाकीचा जूनसाठी. जूनमध्ये शाळा, बियाणं आणि पावसाची वाट असं एकदम येतं. पाऊस लांबला तर टँकरही त्याच महिन्यात.

गावाबाहेर द्यायचं असेल तर आपल्याच जिल्ह्यात जागा आहेत. बीडजवळ पालीला इन्फंट इंडिया आहे, एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या लेकरांसाठी दत्ता आणि संध्या बारगजे यांनी उभं केलेलं. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक नागरगोजे यांचं शांतिवन आहे, तिथं ऊसतोड्यांची लेकरं शिकतात. पंचवीस डिसेंबरला अशा ठिकाणी केक आणि फुगे घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागते. तू आधी फोन कर, काय संपलंय ते विचार, आणि फेब्रुवारीत जा. तेलाचे डबे, तूरडाळ, साबण असंच काहीतरी सांगतील. फोटो काढायला बॅनर नेऊ नको, हे सांगायला नको.

सव्वीसला सकाळी सगळी झोपलेली असतात, तेव्हा तुला उठावं लागेल. पातेली, घमेली, मोठे डाव देवळाच्या समितीकडून आणि दोन-चार घरांतून आणलेले असतात. ते दुपारच्या आत परत गेले पाहिजेत. घासताना बुडाची काजळी राखेनं काढायची, कोपरे बघायचे, आणि प्रत्येक भांड्यावरचं नाव वाचून मोजायचं. नाव नसलेलं एखादं पळीपातेलं दर वर्षी उरतं, ते कोणीतरी उत्साहानं ‘चर्चचं’ म्हणून ठेवून देतं. ते माळ्यावर टाकू नको. चार घरी नेऊन विचार, मालक सापडतोच. आणि मारुतीच्या देवळाची मोठी कढई परत देताना रिकामी देऊ नको, आत गुळाची ढेप ठेव. पुजारीबुवांना मधुमेह आहे, पण त्यांच्या मंडळींना चालतो.